शेवटच्या नळावरचा बुधवार

आमच्या पाणीयोजनेचं नाव सांगत नाही. तिथले दोघंतिघं अजून नोकरीत आहेत आणि त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. पाणी शुद्ध करायचं केंद्र पनवेलच्या बाहेर एका टेकाडावर होतं. तिथून एक लाइन कोन गावाच्या बाजूला जायची आणि दुसरी गव्हाणच्या पुढे, पार खाडीपर्यंत. ही गोष्ट त्या दुसऱ्या लाइनीची. एक्क्याण्णव साल संपत आलं होतं.

मी, कमलाकर, तिथे ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हटलं की लोकांना वाटतं, बटणं दाबत बसणारा माणूस. आमच्याकडे बटणं दोनच होती आणि त्यातलं एक बिघडलेलं. बाकी सगळं हातानं. धरणाचं गढूळ पाणी आलं की त्यात तुरटी सोडायची, गाळ तळाला बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळायचं आणि शेवटी त्यात क्लोरीन सोडायचा. वाळू तुंबली की उलट्या पाण्यानं धुवायची. दर तासाला वहीत आकडे. आठ ते चारच्या पाळीत मी एकटा. गेटवर वॉचमन असायचा, पण त्याला माझ्यापेक्षा रेडिओ बरा वाटायचा, आणि मी त्याला दोष देत नाही. पंपांचा आवाज इतका की स्वतःशी बोललेलं स्वतःला ऐकू येत नसे. तरी मी बोलायचो.

बायको सुनंदा साताऱ्याला शाळेत शिक्षिका. तिची बदली इकडे होत नव्हती, माझी तिकडे होत नव्हती. पहिली चार वर्षं आम्ही दोघांनी अर्ज केले. मग तिनं सोडलं, मग मी. मुलगी आभा तिच्याजवळ. महिन्यातून एकदा मी एसटीनं जायचो. गेलो की सुनंदा पाहुण्यांसाठी ठेवलेली कपबशी काढायची, आणि आभा पुस्तकातून डोकं वर करून विचारायची, "बाबा, परतीची गाडी कितीची?" ती वाईट मनानं विचारत नव्हती. तिला स्टँडवर सोडायला यायचं असायचं. पण आल्या आल्या कुणी परतीची गाडी विचारली की चहा घशाखाली उतरत नाही. पनवेलला भाड्याची खोली होती. दाराशी डबा यायचा, दाराशी रिकामा ठेवला की जायचा. डबा कोण करतं ते मला दोन वर्षं माहीत नव्हतं.

केंद्रातली केमिस्टची जागा रिकामी झाली आणि कुणी भरली नाही, तेव्हा ज्युनियर इंजिनियर विश्वजीत यांनी दर बुधवारची पाणी तपासणी माझ्या गळ्यात बांधली. त्या दिवशी मी परत येईपर्यंत रात्रपाळीचा माणूस केंद्रावर थांबायचा. सत्तावीस वर्षांचा पोरगा, कामाला चोख, मला 'अहो कमलाकरराव' म्हणायचा. काम असं की लाइनीच्या अगदी टोकाच्या नळावर जायचं, काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन शिल्लक असला तर पिवळा रंग येतो. तो सोबतच्या पट्टीवरच्या रंगाशी जुळवायचा आणि आकडा लिहायचा. रंग आलाच नाही तर 'निल' लिहायचं. निल म्हणजे टोकाला पोचेपर्यंत क्लोरीन संपला. म्हणजे वाटेत कुठंतरी घाण शिरली असेल. म्हणजे काळजीचं कारण.

नियम साधा होता. रंग आला तर त्या नळावर पुढची फेरी महिन्यानं. निल आला तर तिथेच दर बुधवारी जायचं, लागोपाठ तीनदा रंग येईपर्यंत.

खाडीच्या लाइनीवरचा शेवटचा नळ खाजणपाड्यात होता. गव्हाणला एसटीतून उतरायचं आणि बांधावरून अर्धा तास चालायचं. पन्नासेक घरं, सगळी खाडीत मासे धरणारी. त्यातलंही शेवटचं घर गंगाबाईचं, आणि नळ तिच्या ओसरीला लागून. पाणी अकराला यायचं, बाराला जायचं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगणभर सुकट वाळत घातली होती. मी मासे खात नाही. नाकाला रुमाल लावला, नळ सोडला आणि घड्याळ बघत उभा राहिलो, कारण नमुना घेण्याआधी दोन मिनिटं पाणी वाहू द्यावं लागतं.

"काय ओ सायेब," ओसरीवरून आवाज आला, "पानी फुकट कशाला घालवता?"

"दोन मिनिटं वाहू द्यावं लागतं, मावशी. नियम आहे."

"मंग दोन मिन्टं उभा राहायचा पन नियम हाय का? बसा की."

ती साठी उलटलेली, हाडापेरानं मजबूत बाई. ओसरीवर बसून जाळ्याच्या फाटलेल्या गाठी सोडवत होती. नवरा धर्मराज जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा काशीराम बंदरात कामाला, उरणला बिऱ्हाड केलेलं, सणावाराला यायचा. हे सगळं तिनं त्या दोन मिनिटांत सांगितलं. मी काहीच विचारलं नव्हतं. मग मी नळी भरली, थेंब टाकले आणि ती माझ्या खांद्यावरून बघायला लागली.

"काय व्हायला पायजे?"

"पिवळं."

"नाय झाला."

"नाही झालं. दोनतीन दिवस उकळून प्या, मावशी. शेजारीपाजारी पण सांगा. मी वर कळवतो."

तो निल खरा होता. मी वहीत लिहिला, त्याच दिवशी विश्वजीत यांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी काळूरामला लाइनीवर पाठवलं. काळूराम आमचा लाइनमन. कोनचा माणूस, पन्नाशीचा, पायात टायरच्या चपला आणि खांद्यावर व्हॉल्व फिरवायची लांब चावी. तो टेकाडापासून खाडीपर्यंत सबंध लाइन पायी चालला आणि टोकाला साचलेला गाळ त्यानं शोधून काढला, धुऊन घालवला. पुढच्या बुधवारी नळीत रंग आला, हळदीचं बोट बुडवल्यासारखा.

"झाला पिवला," गंगाबाई म्हणाली, जणू तिनंच केला. मग आत गेली आणि चहा घेऊन आली. गवती चहा घातलेला कोरा चहा, काठोकाठ भरलेल्या पेल्यात. पेला धरायला पदराचं टोक पुढे केलं. नोकरी लागल्यापासून माझ्यासाठी कुणी चहा ठेवला नव्हता असं नाही. पण माझ्यासाठी म्हणून, मी आलो म्हणून, असा बऱ्याच दिवसांत कुणी ठेवला नव्हता. मी तो सावकाश प्यायलो.

त्याच दिवशी ती 'सायेब' वरून 'बाला' वर आली आणि 'तुमी' वरून 'तू' वर. "खाडीकाठी येऊन मासली खात नाय? मंग खातोस काय, वारा?" असं म्हणून स्वतःच हसली. मला घरी कोण कोण आहे ते विचारलं. मी आभाचं सांगितलं, की ती दहावीला आहे आणि शाळेच्या गॅदरिंगच्या नाटकात म्हातारीचं काम करतेय, घरभर कंबरेत वाकून चालतेय.

गंगाबाईनं जाळं खाली ठेवलं. "तिला सांग, म्हातारी चालताना वाकत नाय. चालते ती ताठ, लोकं बघतात म्हनून. बसताना वाकते. गुडघ्याव हात ठेवते, मंग बसते. हे बघ." आणि तिनं उठून, बसून दाखवलं.

त्या रविवारी साताऱ्याला गेलो तर मी ते आभाला करून दाखवलं. आभा हसली. मग तिनंही तसं बसून बघितलं, दोनदा, आणि विचारलं, "कोण ही गंगाबाई?" मी सांगत बसलो. त्या दिवशी परतीच्या गाडीचं कुणी विचारलं नाही. माझीच चुकता चुकता राहिली.

आता ज्या बुधवारसाठी हे सगळं सांगतोय तो येतो. रंग येण्याची तिसरी खेप. नळी पिवळी झाली होती, पट्टीवर चोख जुळत होती. नियमाप्रमाणे आता पुढची फेरी महिन्यानं.

"नाटक कवा हाय?" गंगाबाईनं विचारलं.

"शनिवारी."

"मंग बुधवारी येशील तवा सांग, बसली का नीट."

मी हो म्हटलं. बांधावर आलो, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. सबंध पनवेलात माझ्या मुलीचं नाव ठाऊक असलेली ही एक बाई, आणि तिला नाटक कसं झालं ते महिन्यानं सांगायचं? महिन्यानं ते शिळं झालं असतं. मी चौकटीत 'निल' लिहिलं. खरं सांगतो, इतकंच वाटलं की एका आठवड्यानं कुणाचं काय बिघडतंय.

नाटक चांगलं झालं होतं. सांगितलं. चहा झाला.

एकदा वाट सापडली की पाय तिकडेच वळतात. तीनदा रंग आला की माझं जाणं बंद होणार, म्हणून मी दोनदा आकडा लिहायचो आणि तिसऱ्यांदा निल. पुन्हा दोनदा आकडा, पुन्हा निल. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढून मला एवढंच हुशारीचं काम जमलं. रंग तर दर वेळी येतच होता. म्हणून पुढे पुढे मी नळी बाहेरच काढेनासा झालो. पिशवी पाटाशेजारी ठेवायची, चहा प्यायचा आणि बांधावर येऊन ठरलेलं लिहायचं.

"आज नाय घालत औषध?" ती कधीमधी विचारायची.

"घालतो की, घाई काय आहे," मी म्हणायचो, आणि ती विसरायची.

माझा निल वर गेला की विश्वजीत काळजीत पडायचे. "कमलाकरराव, तुम्ही आहात म्हणून निदान कळतंय," असं ते एकदा म्हणाले आणि मी मान हलवली. केंद्रावरचा क्लोरीन जरा वाढवा म्हणाले, तर तोही मीच माझ्या हातानं वाढवला. गावातून तक्रारी आल्या की पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो. आणि दर निलामागे काळूरामला लाइन चालायचा हुकूम निघायचा.

तो चालायचा. तेरा किलोमीटर, उन्हात, दर जोडाशी वाकून, कान लावून. मग संध्याकाळच्या आत टेकाडावर येऊन मला सांगायचा, "जोड न् जोड बघितला साहेब. काय नाय." मी त्याला पाणी द्यायचो. दुसऱ्या खेपेला त्यानं दोन ठिकाणी खणून बघितलं होतं. हाताला फडकं बांधलेलं होतं आणि त्यातून रक्त झिरपलं होतं. मी विचारलं, तर म्हणाला, पहार लागली. "पन तुमी निल म्हनता म्हंजे काय तरी असनार. तुमी काय उगीच लिवनार नाय." चौथ्या खेपेला तो माझ्यासमोर जमिनीवरच बसला, गुडघा चोळत. "माज्या डोल्यांना काय झालाय का, साहेब? तुमच्या नलीत दिसतो तो फॉल्ट मनाच कसा दिसत नाय?"

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर होते. पण सांगितलं असतं तर पुढचा बुधवार गेला असता, आणि मला तो हवा होता. माणसाला एवढी साधी गोष्ट किती हवी असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी काळूरामला म्हटलं, "चाळीशी लागली असेल. डॉक्टरला दाखव एकदा."

फेब्रुवारीचा शेवटचा बुधवार. खेप तिसरी, म्हणजे निलाची. आभाची बोर्डाची परीक्षा पुढच्या आठवड्यात सुरू होणार होती आणि गंगाबाईनं तिच्यासाठी एकवीरेच्या पायावरचा अंगारा पुडीत बांधून ठेवला होता. मी पुडी खिशात घातली. ती चहा ठेवायला उठली, माठातलं पाणी तांब्यानं घेऊन दोन घोट प्यायली आणि थांबली.

"बाला, पानी जरा वेगला लागतंय."

पिशवी माझ्या पायाशी होती. नळी, थेंबांची बाटली, पट्टी, सगळं त्यात.

"टाकी धुतली असेल वरची," मी म्हटलं. "धुतली की एकदोन दिवस लागतं तसं."

"आसंल," ती म्हणाली. पाणी खात्याचा माणूस सांगतोय म्हटल्यावर ती आणखी काय म्हणणार. तिनं तांब्या संपवला. माझा चहा मात्र चांगला खळखळून उकळला होता. मी तो प्यायलो, आभाच्या पेपरांच्या तारखा सांगितल्या, बांधावर आलो आणि निल लिहिलं.

विश्वजीत यांनी त्याच दिवशी काळूरामला निरोप धाडला. काळूराम गेला नाही. चार वेळा जाऊन काही सापडलं नव्हतं. गुडघा सुजला होता. सोमवारी बघू म्हणाला.

शनिवारी खाजणपाड्यातून माणसं पनवेलच्या दवाखान्यात यायला लागली. जुलाब, उलट्या. रविवारपर्यंत एकोणीस. बांधाच्या अलीकडे लाइन एक नाला ओलांडते. तिथला जोड निखळला होता, आणि पाणी बंद असताना नाल्यातली घाण त्यातून आत ओढली जात होती. सोमवारी ते काळूरामनंच शोधून काढलं. मेलं कुणी नाही. हे मी अजूनही कधीकधी स्वतःला मोठ्यानं सांगतो.

मंगळवारी वरचे मोठे साहेब आले. त्यांनी वही मागवली, पानं उलटत गेले आणि एकेका निलावर बोट टेकवत म्हणाले, "तीन महिने हा माणूस एकटा ओरडतोय. आणि तुम्ही काय करत होतात?" विश्वजीत मान खाली घालून उभे. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बावीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबानं माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. काळूरामला शेवटच्या निलानंतर लाइन न चालल्याबद्दल तिथल्या तिथे निलंबित केलं.

तो जाताना चावी ठेवायला माझ्याकडे आला. ती भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "तुमचा निल खरा निघाला, साहेब. माजाच चुकला. माजा मन म्हनत व्हता, काय नसनार, म्हनून नाय गेलो."

तो निघून गेल्यावर मी वाळूचे थर धुवायला घेतले, ते धुवायची वेळ झाली नव्हती तरी. घाण पाणी वर येऊन पन्हाळीतून वाहून जात होतं आणि मी कठड्याला धरून उभा होतो. मला स्वतःची शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

चार वाजता पाळी सुटल्यावर मी दवाखान्यात गेलो. गंगाबाई खिडकीजवळच्या खाटेवर होती, हाताला सलाईन. आठवड्यात अर्धी झाली होती. उशाशी काशीराम होता. मी पहिल्यांदाच त्याला बघत होतो. तो उठून उभा राहिला आणि त्यानं माझे हात हातात घेतले. "तुमी एकलेच लिवत व्हता, साहेब. आमाला सगला कलला."

"हा तपासतो म्हनून तर आमी बिनघोर पीत व्हतो," गंगाबाई खाटेवरून म्हणाली. आवाज पार खोल गेला होता. "सगल्या पाड्याला मी सांगायची, पानी तपासलेला हाय."

काशीराम औषध आणायला खाली गेला. मी स्टूल ओढून बसलो. 

"मावशी, त्या दिवशी मी पाणी तपासलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"त्या दिवशीच नाही. बरेच दिवस नाही. नळी पिशवीतच असायची. मी निल खोटाच लिहायचो, दर तीन आठवड्यांनी. रंग आला असं लिहिलं की माझं येणं बंद झालं असतं. त्या दिवशी तो खरा होता, ते मला माहीत नव्हतं."

सलाईनचे थेंब पडत होते.

"पानी वेगला लागतंय म्हनला व्हता मी."

"हो."

"तू म्हनलास, टाकी धुतली आसंल."

"हो."

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. काशीराम वर येईपर्यंत मी बसलो आणि मग उठलो.

त्याच संध्याकाळी खोलीवर जाऊन मी सगळं लिहून काढलं. कुठल्या तारखेचा निल खरा, कुठला खोटा, काळूराम कितीदा चालला, आणि कशासाठी चालवला. 'कशासाठी' पाशी अडलो. सरकारी कागदावर ते कसं लिहायचं? शेवटी 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलं. विश्वजीत यांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय, कमलाकरराव?" मला सांगता आलं नाही. ते पुन्हा मला 'कमलाकरराव' म्हणाले नाहीत.

काळूराम आठ दिवसांत कामावर परत आला. माझं निलंबन झालं. सुनंदाला मी पत्रानं कळवलं. तिचं उत्तर आलं, की आभाचे पेपर संपेपर्यंत येऊ नका, तिच्या कानावर काही जायला नको. बरोबरच होतं तिचं. अंगाऱ्याची पुडी माझ्या शर्टाच्या खिशातच राहिली होती, ती मी पाकिटात घालून पाठवली. कुणी दिली ते लिहिलं नाही.

काळूराम एकदा पनवेलच्या एसटी स्टँडवर भेटला. मी नजर चुकवत होतो, तर तोच जवळ आला.

"चारी वेला खोटा?"

"चारी वेळा."

त्यानं उजव्या हाताचा पंजा माझ्यासमोर धरला. अंगठ्याखाली पहारीचा वण होता, अजून तांबूस. तो दाखवला, आणि आपल्या गाडीकडे निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनच बहुतेक दिल्या नाहीत.

मे महिन्यातल्या एका बुधवारी मी गव्हाणची एसटी पकडली. जायचं ठरवलं नव्हतं. खोलीत बसवेना, एवढंच. बांधावरून चालताना हात सारखा खांद्याकडे जात होता, पिशवीचा पट्टा सावरायला. पाड्यातल्या दोन बायांनी मला बघितलं आणि बोलणं थांबवलं. नाल्यावरचा जोड नवा होता, काळाकुळकुळीत.

गंगाबाई ओसरीवर जाळं घेऊन बसली होती. वाळली होती, पण हात पूर्वीसारखेच चालत होते. नळाला पाणी आलं होतं आणि खाली कळशी भरत होती. मी अंगणाच्या कडेला उभा राहिलो. तिनं मान वर केली.

"पिशवी कुठं हाय?"

"नाही आणली. आता तपासायला दुसरा माणूस येतो ना."

"येतो. पोरगा हाय. थेंब टाकतो, लिवतो, जातो." ती गाठ सोडवत राहिली. "मंग तू कशाला आलास?"

इंजिनियरना जे सांगता आलं नव्हतं, सरकारी कागदावर जे लिहिता आलं नव्हतं, ते इथे तर सोपं असायला हवं होतं.

"बसायला," मी म्हटलं.

तिचे हात थांबले. कळशी भरून वाहायला लागली होती, तरी ती नळ बंद करायला उठली नाही. मीच पुढे होऊन तो बंद केला.

"बसायला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मंग पयल्याच दिवशी सांगायचा व्हता, मावशी, मी बसायला येतो. मी काय नाय म्हनली असते? बसायला यायला कागद लागतो का कुनाला?"

एकोणीस माणसं खाटेवर पडली होती आणि एक माणूस चार वेळा तेरा किलोमीटर चालला होता, ते या एका न बोललेल्या वाक्यापायी, जे मला फुकट बोलता आलं असतं.

तिनं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. मग पायानं पाट माझ्या दिशेनं सरकवला. मी बसलो. चहा झाला नाही, आणि मी मागितलाही नाही. बाराला पाणी गेलं, तरी मी तिथेच होतो.